वाकड्या हेडने लिहिलेले काठ

कॉम्प्युटर घेताना डीलरने एकच गोष्ट तीनदा बजावली होती. मशीन थंड ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात मशीन थंड ठेवायचं तर एसी लागतो, आणि एका डब्यासाठी एसी बसवणाऱ्यांतला मी नव्हतो. महाल भागातल्या माझ्या साड्यांच्या दुकानामागे एक चिंचोळी खोली होती. कॉम्प्युटर तिथे होता. मी एक कूलर आणला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आणि बरोबर मशीनच्या तोंडासमोर ठेवून दिला. दोन उन्हाळे मशीन माझ्यापेक्षा सुखात राहिलं. खोलीला वाळ्याचा वास यायचा, कीबोर्डवर हात ठेवला की ओलसर लागायचं, आणि मला वाटायचं, एसी विकायचा डीलरचा डाव आपण बरा हाणून पाडला.

तिसऱ्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मशीनच्या पोटातून अडकित्त्यात सुपारी सापडल्यासारखा आवाज आला. एकदा, दोनदा, मग सारखा. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि त्यापुढे काही नाही.

डीलरच्या मेकॅनिकने झाकण उघडलं. आतल्या पत्र्याला गंज चढला होता.

"हार्ड डिस्क गेली," तो म्हणाला.

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. नवी लागेल. जुनीतलं काही निघणार नाही."

मी त्याच्यावर ओरडलो. खूप ओरडलो. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, त्या डिस्कमध्ये माझ्या बाबांची सारी विद्या होती.

बाबा उमरेडकडचे विणकर. हातमागावर त्यांचं आयुष्य गेलं. साडीचं अंग कोणीही विणतं, काठ विणणारा वेगळा, असं आमच्यात समजतात, आणि बाबा काठ विणणारे होते. मी मात्र मागावर बसलो नाही. सोळाव्या वर्षी सायकलच्या कॅरिअरला साड्यांचा गठ्ठा बांधून नागपूरला आलो, दारोदार फिरलो, महालात एका जिन्याखाली बसलो आणि मग दुकान केलं. घासाघीस हीच माझी शाळा. आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, नको असलेली उलटीपालटी करून पाहायची, आणि आपल्याला काय हवं ते समोरच्याला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढे तीन धडे मला पुरले.

बाबांना हे तिन्ही धडे येत नव्हते. एकदा हातमाग सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यांच्याकडून एक नवा काठ चौकटीच्या कागदावर उतरवून घेतला, दिल्लीच्या प्रदर्शनात पाठवतो म्हणून. काठ गेला, बक्षीस आलं. सर्टिफिकेटवर नाव सेक्रेटरीचं. त्याने ते फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात खुर्चीमागे लावलं. मी तिथे जाऊन टेबल उलटं केलं होतं. बाबा म्हणाले, "जाऊ दे ना गा बाबू. काठ तर काही तो घेऊन गेला नाही. माह्या डोक्यातच आहे."

त्यांनी जाऊ दिलं. मी दिलं नाही, आजही दिलेलं नाही.

कॉम्प्युटर घेतला तो त्या रागापायी. बाजारात सगळ्यांना वाटलं, दुकानाच्या कामासाठी घेतला. मी ठरवलं होतं की बाबांच्या डोक्यातले सगळे काठ उतरवून घ्यायचे, पण कागदावर नाही. कागद कोणीही उचलून नेतो. मशीनच्या पोटातलं सोसायटीतल्या कोणाच्या बापाला वाचता येणार नव्हतं.

नागपूरला माझ्या घरी राहायला आलेले बाबा दीड वर्ष दुपारी दुकानामागे येऊन बसायचे. काठाची एक एक ओळ म्हणजे धोट्याची एक फेरी, आणि त्या फेरीत कोणते धागे वर उचलायचे नि कोणते खाली ठेवायचे एवढंच असतं. बाबा सांगत, "दोन वर, एक खाली, तीन वर, एक खाली." मी वरच्या धाग्याला एक आणि खालच्याला शून्य टाइप करत असे. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. एका काठाच्या साठ-सत्तर ओळी ते भिंतीकडे बघत सांगायचे. मधेच चहा यायचा, गिऱ्हाईक यायचं, मी उठून जायचो, अर्ध्या तासाने परत येऊन विचारायचो, "कुठवर आलो होतो?"

"सदतिसावी झाली. अडतिसावी घे."

मी पडद्यावर बघायचो. अडतिसावीच असायची. दीडशेव्या काठापर्यंत मी त्यांची चूक पकडायच्या नादात होतो. नंतर तो नाद सोडून दिला.

डीलरकडे एक इंजिनिअर मुलगी होती. नंदनवनात राहायची, लूनावर यायची. दिवाळीच्या सुमारास तिने माझ्या डोक्यावर बसून सात फ्लॉप्यांवर सगळ्याचा बॅकअप करवून घेतला. मी म्हटलं, "मशीन तर माह्याजवळच आहे, कायले पाहिजे?" ती म्हणाली, "काका, मशीनचा काय भरोसा? माणसाचा नाही आहे." दिवाळीनंतर बाबांनी आणखी तेरा काठ सांगितले. ते बॅकअपमध्ये नव्हते. पुन्हा फ्लॉप्या करू करू म्हणत राहून गेलं.

संक्रांत झाली आणि बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डोळे जागे होते, समजत सगळं होतं. तोंडातून मात्र एकच आवाज यायचा, "हां" आणि "आं" यांच्या मधला, आणि तो ऐकला की त्यांचे स्वतःचेच डोळे भरून यायचे. म्हणून ते गप्पच राहू लागले.

हार्ड डिस्क गेली ती त्यानंतर चार महिन्यांनी. आता नीट सांगतो, म्हणजे माझा संताप समजेल. काठ बाबांच्या तोंडून परत येणार नव्हते. कागदावर मी येऊ दिले नव्हते. मशीनमधले संपले होते. उरल्या होत्या सात फ्लॉप्या.

नवी हार्ड डिस्क घ्यायला मी डीलरकडे गेलो तेव्हा इंजिनिअर मुलगी रजेवर होती. मी डीलरला तसा सोडणार नव्हतो. त्याला म्हटलं, तुझं मशीन पहिल्यापासून फालतू आहे, फ्लॉपीचा ड्राइव्हही धड नाही, बाहेरून आणलेली फ्लॉपी मनात आलं तर वाचतो, नाही तर नाही. हे खरंच होतं. घरची फ्लॉपी तो निमूट वाचायचा, बाहेरची म्हटली की कुरकुर करायचा. दोन तास मी दुकानातून हललो नाही. शेवटी डीलरने हात जोडले, हार्ड डिस्कबरोबर नवा कोरा फ्लॉपी ड्राइव्ह बसवून दिला आणि जुना बदलीत घेतला. जिना उतरताना मी खूश होतो. फार दिवसांनी कोणावर तरी मात केली होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पहिली फ्लॉपी आत सारली, परत आणण्याची आज्ञा टाइप केली आणि आम्ही वाट बघत बसलो. ड्राइव्हचा लाल दिवा लागला. आतून घासल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पडद्यावर ओळ उमटली, वाचता येत नाही. पुन्हा करू, सोडून देऊ की रद्द करू?

"पुन्हा कर," मी म्हटलं.

त्याने वीस वेळा पुन्हा केलं. दुसरी फ्लॉपी घेतली. तिसरी घेतली. मग तो म्हणाला, फ्लॉप्यांना बुरशी लागली असेल. त्याने फ्लॉपीच्या खिडकीतून आत बघितलं, बुरशी नव्हती. मग म्हणाला, बॅकअप ज्या डॉसवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, केला तो डॉस वेगळा असेल. जुना डॉस शोधून आणला, तेच. मग नवी हार्ड डिस्कच खराब असेल म्हणून ती काढून दुसरी लावली, तेच. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मी डीलरच्या दुकानात उभा राहून भर गर्दीत त्याला चोर म्हटलं आणि त्याने मला बह्याड म्हटलं. दोघांना चार माणसांनी धरलं.

पाचव्या दिवशी इंजिनिअर मुलगी रजेवरून आली.

तिने आधी कूलर बंद केला. मग एक नवी फ्लॉपी घेतली, तिच्यावर लिहिलं, वाचलं. ठीक. पिशवीतून स्वतःची एक फ्लॉपी काढली, घातली. ठीक. माझी घातली, नाही. तिने माझ्या सातही फ्लॉप्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि गालाला हात लावून बघत बसली. माझा तोंडाचा पट्टा चालू होता.

"काका, तुम्ही ओरडून राहिले म्हणून फ्लॉपी वाचणार नाही ना," ती म्हणाली. "एक सांगा. या साती एकाच ड्राइव्हनं लिहिल्या?"

"तूच तर बसली होती. याच मशीनवर."

"हा ड्राइव्ह तर कोरा आहे. तेव्हाचा ड्राइव्ह कुठे आहे?"

"बदलीत दिला. फालतू होता. बाहेरची फ्लॉपी वाचत नव्हता."

ती एकदम ताठ बसली. "बाहेरची वाचत नव्हता अन् घरची वाचत होता?"

"हो."

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी हळू झाला, "तुम्ही काय करून बसले?"

मग तिने मला समजावलं. फ्लॉपीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोल वाटा असतात. त्या वाटांवरून ड्राइव्हचं हेड फिरतं आणि लिहितं. सगळ्या ड्राइव्हचं हेड एकाच जागी फिरावं असं कारखान्यात बसवलेलं असतं. माझ्या जुन्या ड्राइव्हचं हेड केसभर बाजूला सरकलेलं होतं. ते वाटेवर न लिहिता वाटेच्या कडेला लिहायचं. दुसऱ्याने लिहिलेलं त्याला नीट सापडायचं नाही, पण स्वतः जिथे लिहिलं तिथेच ते पुन्हा जायचं, म्हणून स्वतःचं सगळं वाचायचं. नव्या ड्राइव्हचं हेड बरोबर वाटेवरून जातं आणि तिथे त्याला काही धड सापडत नाही.

"फ्लॉप्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "एक अक्षर गेलं नाही. फक्त वाचणारा तोच पाहिजे."

मी खुर्चीवर बसलो. राग कुठे गेला कळलं नाही. लहानपणी उमरेडकडे आमच्या शेजारचा एक विणकर साडी अर्धी विणून आजारी पडला होता. ताणा उतरवून ती दुसऱ्याच्या मागावर चढवली. माग तेवढ्याच रुंदीचा, फणी तेवढ्याच घरांची, विणणारा चांगला. तरी जोडाच्या जागी काठ चुकला, बोटभर कापड चुरगळून आलं. बाबा म्हणाले होते, हा माग जरासा डावीकडे बसतो, तो उजवीकडे, ज्याचं त्यानंच पुरं करावं. तेव्हा मला ती अडाणी गोष्ट वाटली होती. आता तीच गोष्ट विलायती मशीनच्या आत, केसाच्या जाडीवर, माझ्यासमोर उभी होती. दोन वर्षं हे हेड चुकत होतं, आणि चुकायचं तरी किती नेमकं. लाखो वेळा चुकून एकदाही आपली चूक विसरलं नव्हतं.

"नव्या ड्राइव्हचा स्क्रू ढिला करून त्याले वाकडं नाही करता येत?" मी विचारलं.

"येते. पण किती वाकडं अन् कोणत्या बाजूले, ते त्या जुन्याशिवाय कोणाले माहीत आहे?"

डीलरने तो ड्राइव्ह तपासला होता. स्वतः लिहितो, स्वतः वाचतो, म्हणजे चांगला, असं म्हणून सावनेरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मशीनमध्ये बसवून दिला होता. आठवड्यापूर्वी मी ज्याला फालतू म्हणून हाकललं, त्याच्या शोधात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं एसटीत बसलो. माझ्या मांडीवर सात फ्लॉप्यांचा डबा होता आणि डब्यावर नवा कोरा ड्राइव्ह. बेत सोपा होता. नवा द्यायचा, जुना काढून आणायचा. फक्त जुना आपल्याला किती हवा आहे हे कळू द्यायचं नाही.

इन्स्टिट्यूट चालवणारे निवृत्त मास्तर होते. वरच्या मजल्यावर लांबट खोली, भिंतीला लागून टाइपरायटर, त्यांच्यापुढे दहा-बारा मुली, आणि कोपऱ्यात भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेला एकमेव कॉम्प्युटर. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. खोली बरी आहे म्हटलं, ऊन फार आहे म्हटलं. मग म्हटलं, "डीलरनं तुमच्या मशीनमध्ये भंगार ड्राइव्ह घातला, मले वाईट वाटलं. तुमच्यासाठी नवा घेऊन आलो. तो जुना मी घेऊन जातो, फेकून देईन."

मास्तरांनी चष्मा खाली केला. "भंगार फेकायले नागपूरहून एवढ्या उन्हात आले जी?"

टाइपरायटर थांबले. मुली खाली माना घालून हसल्या.

"तुमच्या भल्यासाठी," मी म्हटलं.

"माह्या भल्यासाठी कोणी जवळच्या कळमेश्वरहूनही आलं नाही आजवर. तुम्ही तर नागपूरचे. खरं काय ते सांगा ना."

माझं डोकं तापलं. मी म्हटलं, तुम्हाला चांगली वस्तू फुकट मिळते आहे ती घ्यायची अक्कल नाही. ते म्हणाले, फुकट वस्तू घ्यायची अक्कल नाहीच मले, म्हणून तर खाली रस्त्यावर गाळा नाही मिळाला, वरच्या मजल्यावर राहिलो. मी ड्राइव्ह उचलला आणि दाराकडे निघालो. मागून इंजिनिअर मुलीने माझी बाही धरली.

"काका, तो ड्राइव्ह काढायचाच नाही आहे," ती कानाशी म्हणाली. "एसटीत धक्का लागला अन् हेड अजून केसभर हललं, तर तोही आपलं लिहिलेलं ओळखणार नाही. जे काय वाचायचं ते इथंच. आता. या मशीनवर."

मी खोलीकडे बघितलं. बारा मुली, एक मास्तर, उघडी खिडकी. जे काठ मी सख्ख्या भावालाही दाखवले नव्हते, ते इथे, चव्हाट्यावर, परक्याच्या पडद्यावर उघडायचे.

मास्तर म्हणाले, "काय आहे त्या डब्यात?"

"हिशेब," मी म्हटलं.

"हिशेबासाठी माणूस असा घामाघूम होत नाही."

घासाघिशीत एक वेळ अशी येते की समोरच्याला सगळं दिसलेलं असतं, आणि आपण अजून झाकत बसलेलो असतो. मी ती वेळ दुसऱ्यांच्या तोंडावर कितीदा पाहिली होती. मी डबा टेबलावर ठेवला.

"माह्या बापाचे काठ आहेत," मी म्हटलं. "साडीचे. त्यानं आयुष्यभर विणलेले. त्याची वाचा गेली आहे. आता हे दुसरीकडे कुठंच नाही. तुमचा ड्राइव्हच फक्त वाचू शकते."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता हा माणूस काय मागेल ते मला द्यावं लागेल. त्यांनी काहीच मागितलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला, चार घड्या केल्या, खिशात ठेवला आणि खुर्ची ओढून दिली.

"मंग हे आधी सांगायचं ना जी. बसा."

इंजिनिअर मुलीने नवा ड्राइव्ह त्याच मशीनला दुसरा म्हणून जोडला, म्हणजे जुन्याने वाचायचं आणि नव्याने सरळ वाटेवर लिहायचं. मग तिने पहिली फ्लॉपी जुन्या ड्राइव्हमध्ये सारली. तिच्या बापाचं काही त्यात नव्हतं, तरी सारण्याआधी तिने ती कपाळाला लावली, हे मी विसरलेलो नाही.

लाल दिवा लागला. घासल्याचा आवाज आला नाही. जो आला तो मी दोन वर्षं रोज ऐकलेला होता, टक, टक, टक, बाबांनी मागाची पायपट्टी दाबल्यासारखा. आणि पडद्यावर एकाखाली एक नावं चढू लागली. काठ एक. काठ दोन. काठ तीन. मी मोजत नव्हतो, फक्त बघत होतो. सावनेरच्या एका माडीवर, हळदकुंकू लावलेल्या परक्या मशीनमध्ये, माझ्या घरून हाकललेला तो ड्राइव्ह माझ्या फ्लॉप्या भेटल्याबरोबर धडाधड बोलायला लागला होता. त्याला मी फालतू म्हटल्याचा काही राग नव्हता.

सातवी फ्लॉपी संपायला जेवणवेळ टळून गेली. कोणी उठलं नाही. मास्तर म्हणाले, "एखादा दाखवा तरी."

इंजिनिअर मुलीने एक काठ उघडला. पडदाभर एक आणि शून्य. टाइपरायटर सोडून मुली भोवती जमल्या. एकीने नाक मुरडलं, "हे तं नुसते आकडे आहेत वं."

"कॉम्प्युटर आतमध्ये असंच लिहिते," इंजिनिअर मुलगी म्हणाली. "एक अन् शून्य. यांच्या बाबांनी सांगितलं तसंच."

मास्तरांना जवळचं दिसत नव्हतं. ते मागे सरकत सरकत थेट दारापर्यंत गेले, डोळे बारीक केले, आणि ओरडले, "अरे, हे तं करवत आहे! दाते पहा, दाते!"

मी दाराशी गेलो आणि वळून पाहिलं. शून्यांच्या फिकट मैदानात एकांचे गडद दाते उभे होते, एकामागे एक, सारखे, टोकदार. करवतकाठ. बाबांच्या हातचा. माझी दुकानामागची खोली इतकी चिंचोळी होती की मी त्या पडद्यापासून हातभराहून दूर कधी गेलोच नव्हतो. दीड वर्ष मी एक आणि शून्य टाइप केले, आणि काठ दिसला तो सावनेरात, एका मास्तरांच्या दारात. बाबांना तर तो भिंतीवर दिसत होता. ते भिंतीकडे का बघायचे हे मला तेव्हा कळलं.

निघताना इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, एक संच इथं ठेवा. सगळं एकाच ठिकाणी नको." जिना अर्धा उतरलो, पुन्हा वर चढलो, नव्या फ्लॉप्यांचा एक संच मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला, शॉर्टहँडच्या पुस्तकांमागे. पावती मागायची माझी सवय होती. तेवढी मात्र मोडली.

घरी बाबा खिडकीशी आरामखुर्चीत होते. मी दुकानात सगळे काठ छापून आणले होते, लांब लांब कागदांवर, दोन्ही बाजूंना भोकं असलेल्या. कागदावर. खुर्चीपासून दूर, भिंतीला, मी करवतकाठ टाचला. बाबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मी दुसऱ्या एका काठाच्या ओळी वाचायला लागलो, ते सांगायचे तशा. "दोन वर, एक खाली, तीन वर..."

त्यांचा डावा पाय फरशीवर हलत होता. मी वाचतो त्या मापाने. आधी वाटलं, सवय असेल. सत्ताविसाव्या ओळीवर पाय थांबला. मी पुढे वाचलं, पाय हलेना. ती ओळ पुन्हा वाचली. बाबांनी मान हलवली, नाही. आणि पायाने फरशीवर ठोके दिले, चार, थांबले, एक, थांबले, दोन. मी छापील ओळ बघितली. तिथे तीन, एक, तीन होतं. दीड वर्षांपूर्वी मी चुकीचं टाइप केलं होतं.

मी चार महिने समजत होतो की बाबा संपले आणि फ्लॉपी उरली. त्यांच्या आतलं एक अक्षर गेलेलं नव्हतं. आम्ही तोंडाशी वाट बघत बसलो होतो, आणि त्यांनी सारं पायापाशी ठेवलं होतं, आयुष्यभर जिथून माग चालवला तिथे.

मी उगाच चढ्या आवाजात म्हणालो, "बाबा, तेरा काठ गेले आहेत. दिवाळीनंतरचे. फ्लॉपीत नाही आले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सेक्रेटरीच्या वेळी बघितलं होतं तसंच, जाऊ दे ना गा, अशा डोळ्यांनी. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली, जिथे काही टाचलेलं नव्हतं तिकडे, आणि डावा पाय फरशीवर नीट टेकवला.

मी मुलांच्या वह्यांतून एक वही ओढली आणि पेन्सिल घेतली.

पाय उचलला गेला. दोन. थांबला. एक.

"पहिली ओळ?" मी विचारलं.

पायाने एकदा हो म्हटलं.